बादलीभर समुद्र

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात गुडघ्याचं दुखणं, एका भाचीचं लग्न आणि निव्वळ आळस अशी तीन कारणं झाली. त्यातलं तिसरं सगळ्यात खरं. आजही लिहिणार नव्हते, पण काकांनी फर्मावलं, "हे तू लिही. फक्त माझं नाव घालू नकोस." आता आमच्या घराण्यात बोटीवर नोकरी केलेला माणूस एकच, त्यामुळे नाव न घालून काय साधणार हे काकाच जाणोत. नातेवाईक मंडळींना एकच विनंती, वाचून लगेच त्यांना फोन करू नका.

तर झालं असं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या एका भाच्याने एक निरोप पुढे ढकलला होता. शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तापमानाचे जुने आकडे बदलले, जगाला फसवलं, वाचा आणि सर्वांना पाठवा, वगैरे. खाली नेहमीप्रमाणे चार अंगठे, दोन नमस्कार आणि आत्याचं शुभ सकाळचं कमळ. मीही वाचून सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी काकांचा फोन आला.

"तो म्हणतोय ते खरं आहे का गं?"

"कुठलं? आकडे बदलले ते?"

"हो."

"मला काय ठाऊक, काका. मी बँकेतली बाई."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांनी बदलले का ते मला माहीत नाही. मी बदलले होते. उद्या येशील?"

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. बोटीवरच्या त्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकल्यात की मोंबासाच्या बंदरात काय काय मिळतं हे मी न जाता सांगू शकते. पण ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. काकूलाही नाही.

१९७१ ते ७३ या काळात काका एका मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर होते. मुंबई, मोंबासा, दार-ए-सलाम आणि परत, असा फेरा. त्यांचा वॉच सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा. व्यापारी जहाजांपैकी काही जहाजं स्वखुशीने हवामानाच्या नोंदी घेतात, त्यातलं हे एक. दिवसातून चार वेळा, ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे शून्य, सहा, बारा आणि अठरा वाजता जगभरची अशी जहाजं एकाच क्षणी वारा, हवेचा दाब, ढग, लाटा आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवतात. अरबी समुद्रात सहा आणि अठराची वेळ नेमकी काकांच्या वॉचमध्ये यायची.

पाण्याचं तापमान घ्यायची रीत अगदी साधी. कॅनव्हासची बादली दोराने समुद्रात सोडायची. इंजिनाचं गरम पाणी ज्या बाजूने बाहेर पडतं ती बाजू टाळायची. जहाज चालू असतं, त्यामुळे बादली पाण्याला टेकताच दोराला असा हिसका बसतो की खांदा निखळावा. वर ओढली की लगेच तिच्यात तापमापक बुडवायचा, थोडं थांबायचं, उन्हावाऱ्यापासून आडोसा धरून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. (मी आजवर समजत होते की समुद्राचं तापमान म्हणजे काहीतरी भारी यंत्राचं काम असेल. बादली आणि दोर!)

"रात्री मी ब्रिज सोडू शकत नसे," काका म्हणाले. "खलाशाला खाली पाठवायचो. रत्नागिरीकडचा पोरगा होता, माझ्याहून लहान. जुलैत भर पावसाळ्यात एका रात्री लाट डेकवर आली आणि तो रेलिंगवर आपटला. खांद्याला लागलं. आणखी हातभर सरकला असता तर गेलाच होता. त्यानंतर खवळलेल्या समुद्रात मी त्याला कधी पाठवलं नाही."

"बरोबरच केलंत की!"

"ते बरोबर केलं. पण वहीत आकडा लिहिला."

मोजता आलं नाही तर काय करायचं याचा नियम होता. त्या रकान्यात तिरक्या रेघा मारायच्या. पण चांगल्या नोंदी ठेवणाऱ्या जहाजांना हवामान खात्याकडून बक्षीस मिळायचं, आणि वहीत रेघा दिसलेल्या कॅप्टनला खपत नसत. मग काका आदल्या नोंदीचा आकडा घ्यायचे, एखादा दशांश इकडेतिकडे करायचे आणि लिहायचे. असं किती वेळा झालं असेल, मी विचारलं. "तीस-चाळीस वेळा," ते म्हणाले. पन्नास वर्षांनंतरही त्यांना अंदाज होता, म्हणजे त्यांनी मनात मोजून ठेवलं होतं.

मग त्यांनी कपाटातून एक कात्रण काढलं. पुण्यातच, पाषाणला जी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम, तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे. १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचं उन्हाळी तापमान, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांतलं, १.२ अंश सेल्सियसने वाढलं असं त्यात दाखवलंय. कात्रण त्याबद्दलचं.

"पश्चिम हिंदी महासागर," काकांनी शब्दाखाली बोट फिरवलं. "जून ते सप्टेंबर. माझा रूट, माझा सीझन. अगं, यात माझे खोटे आकडे आहेत."

काय बोलावं मला सुचेना. काकांनी पुढे सांगितलेलं ऐकून तर मला भरूनच आलं. भारतीय जहाजांच्या या नोंदवह्या पुण्याला वेधशाळेत यायच्या. आपण पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतो तीच ती. (१९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव.) काका निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. "रिक्षाने तिथून जाताना मी दुसरीकडे बघतो," ते म्हणाले.

घरी आले आणि वाचायला बसले. रात्री दीडपर्यंत. ज्यांनी मला बँकेच्या परीक्षेला अभ्यास करताना पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही, असो. मला फक्त इतकंच जाणून घ्यायचं होतं, की काकांच्या त्या आकड्यांचं पुढे काय झालं.

या नोंदींची गोष्ट बरीच जुनी निघाली. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीच्या पुढाकाराने १८५३ साली ब्रसेल्सला एक परिषद भरली आणि सगळ्या देशांच्या जहाजांनी हवामानाच्या नोंदी सारख्या पद्धतीने ठेवाव्यात असं ठरलं. तेव्हा कुणाच्या डोक्यात हवामानबदल नव्हता. वारे आणि प्रवाह कळले तर प्रवास लवकर होईल, जहाजं कमी बुडतील, एवढाच हिशेब. पण दीडशेहून जास्त वर्षं कुणी ना कुणी बादली सोडत राहिलं आणि लिहीत राहिलं. आज त्या कोट्यवधी नोंदी एका आंतरराष्ट्रीय साठ्यात एकत्र आहेत आणि गेल्या शतकात समुद्राचा पृष्ठभाग किती तापला हे मुख्यतः त्यांच्यावरून सांगितलं जातं.

आता भाच्याच्या निरोपाकडे येऊ. हे आकडे शास्त्रज्ञांनी बदललेत का? तर हो, बदललेत. उघडपणे, कारणं छापून.

कारण काकांची ती कॅनव्हासची बादली. आपल्या घरात उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? मातीतून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि सुकताना उष्णता घेऊन जातं. ओल्या कॅनव्हासचं तेच. बादली वर ओढून तापमापक वाचेपर्यंत पाणी थोडं गार झालेलं असतं. त्याआधीच्या लाकडी बादल्यांत हे कमी व्हायचं. पुढे बऱ्याच जहाजांवर बादली गेली आणि इंजिन थंड करायला जे समुद्राचं पाणी आत घेतात त्याच्या नळातच तापमान बघू लागले. तिथे इंजिनाच्या खोलीची ऊब लागते, म्हणजे आकडा थोडा जास्त. समुद्र तोच, पण बादली सोडून नळ धरला की कागदावर तो आपोआप तापला.

याचं एक मजेशीर उदाहरण वाचलं. जुन्या आकड्यांत १९४५ च्या अखेरीस जगाचं तापमान एकदम सुमारे ०.३ अंशांनी घसरलेलं दिसायचं. का, ते कळेना. २००८ साली काही संशोधकांनी शोधून काढलं. युद्धाच्या काळात बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या आणि ती इंजिनाच्या नळात मोजायची. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या आणि त्यांच्याकडे बादल्या होत्या. घसरण समुद्राची नव्हतीच, माणसं आणि भांडी बदलली होती.

दुसरं उदाहरण २०१९ मधलं. जपानी जहाजांच्या १९३० च्या दशकातल्या नोंदी पुढे अमेरिकेत यंत्रावर चढवताना दशांश चिन्हापुढचे आकडे गाळले गेले होते. २७.८ असेल तर नुसतं २७. त्यामुळे उत्तर प्रशांत महासागर तेव्हा होता त्याहून थंड दिसत राहिला. कुणीतरी बसून वेगवेगळ्या देशांच्या, जवळून गेलेल्या जहाजांचे आकडे एकमेकांशेजारी मांडले, तेव्हा हे सापडलं.

आणि भाच्या, हे तुझ्यासाठी. बादलीची दुरुस्ती केली की जुना समुद्र वर सरकतो, म्हणजे आधी वाटला होता त्याहून गरम निघतो. त्यामुळे जगाच्या सरासरीत गेल्या शंभर वर्षांची एकूण वाढ दुरुस्तीनंतर कमी दिसते, जास्त नाही. लोकांना घाबरवायला आकडे फिरवायचे असते तर शहाण्या माणसाने ते उलटीकडे फिरवले असते.

हे सगळं ठीक. पण बादली गार करते ही चूक सगळ्यांची सारखी आहे, ती एकदा कळली की दुरुस्त करता येते. काकांचं तसं नव्हतं. त्यांनी आकडा मनाने लिहिला होता. अशी चूक कोण शोधणार?

इथे माझी बँक कामाला आली. संगणक येण्याआधी आमच्याकडे खातेवह्या हाताने लिहायचे आणि ठरावीक काळाने सगळ्या खात्यांची बेरीज मुख्य वहीशी जुळवायची. त्याला आम्ही बॅलन्सिंग म्हणायचो. दहा पैशांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसून शोधायचा. त्यात दोन जातीच्या चुका असायच्या. एक, कुणी रोज एकाच पद्धतीने चुकतंय. ती वाढत जाते आणि शेवटी सापडते. दुसरी, आज याच्याकडून पाच जास्त, उद्या त्याच्याकडून पाच कमी. बेरजेत त्या एकमेकींना खातात.

समुद्राचंही असंच आहे. एका चौकोनातल्या एका महिन्याच्या सरासरीत एकटे काका नसतात, तिथून गेलेली बाकीची जहाजंही असतात. फार विचित्र आकडा असेल तर आसपासच्या नोंदींशी ताडून तो बाजूला काढतात. आणि जे सापडणार नाही त्याचंही खातं ठेवलेलं आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. ब्रिटिश हवामान खात्याचा हॅडएसएसटी४ नावाचा जो संच आहे, त्यात समुद्राच्या तापमानाचा एकच इतिहास देत नाहीत. चुका अशा असतील किंवा तशा असतील असं धरून दोनशे इतिहास देतात. त्या दोनशेही इतिहासांत समुद्र तापलेलाच आहे. फक्त किती, यात थोडा फरक.

दुसऱ्या दिवशी मी विजयी मुद्रेने काकांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू सोमालिया विसरलीस."

मला वाटलं चाचे आले आता. पण नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन मोसमात त्या भागात एका दिवसाच्या प्रवासात पाणी कितीतरी अंशांनी उतरू शकतं. "आदल्या रात्री २८ असेल आणि आज प्रत्यक्षात २४ असेल, तर मी लिहिलंय २७.८. ही दशांशाची चूक नाही."

मी गप्प. मग तेच हसून म्हणाले, "रात्रभर मीही विचार केला. आफ्रिकेला जाताना आम्ही गरम पाण्यातून थंडात जायचो, तेव्हा माझा आकडा जास्त. परत येताना थंडातून गरमात, तेव्हा माझा आकडा कमी. म्हणजे जाता-येता फिटलं असेल, नाही का?"

"फिटलं असेल, काका. पण आमच्या बँकेत याला फिटलेलं म्हणत नाहीत. दोन चुका म्हणतात."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. त्यांना मी सूट दिली नाही याचं त्यांना बरं वाटलं असावं, कारण मग त्यांनी स्वतः उठून चहा टाकला.

चहा पिताना मी त्यांना जॉश विलिसची गोष्ट सांगितली. तीच खरं म्हणजे मला सगळ्यात आवडली होती.

आता बादल्यांवर फारसं काही अवलंबून नाही. जगभरच्या समुद्रांत मिळून सुमारे चार हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. त्यांना आर्गो म्हणतात. साधारण माणसाच्या उंचीचं एक नळकांडं. ते स्वतःच हजार मीटर खाली जातं, नऊएक दिवस प्रवाहाबरोबर वाहतं, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतं आणि वर येता येता प्रत्येक थराचं तापमान आणि खारेपणा मोजतं. वर आलं की उपग्रहाला निरोप आणि पुन्हा डुबकी. दर दहा दिवसांनी एक फेरी, बॅटरी संपेपर्यंत चार-पाच वर्षं. आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते. कुणा खलाशाला रात्री डेकवर जायला नको. पावसाळ्यात, वादळात, ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात मोजणी चालूच.

२००६ साली याच यंत्रांच्या आधारे जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या तिघांनी एक शोधनिबंध छापला. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला, असा. साहजिकच गाजावाजा झाला. ज्यांना हवामानबदल मान्य नव्हता त्यांना आयतंच मिळालं.

पण हिशेब जुळेना. समुद्राची पातळी दोन कारणांनी वाढते. पाणी तापून फुगतं म्हणून, आणि जमिनीवरचा बर्फ वितळून पाण्यात भर पडते म्हणून. पातळी मोजणारे उपग्रह १९९२ पासून वर आहेत. पाण्याचं वजन वाढलं का हे गुरुत्वाकर्षणावरून सांगणारी ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२ साली गेली. आता पातळी तर वाढतेय, आणि वजनातली वाढ तेवढी नाही. मग उरलेली वाढ पाणी फुगल्याचीच असणार. फुगतंय तर थंड कसं होईल? शिवाय पृथ्वीवर येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता मोजणारे उपग्रह वेगळंच सांगत होते. खातेवही एक म्हणते, मुख्य वही दुसरंच.

विलिस बसले आणि यंत्रागणिक आकडे तपासू लागले. २००७ साली उलगडा झाला. आर्गोच्या एका गटाच्या यंत्रांत तापमान आणि खोली यांच्या जोड्याच चुकल्या होत्या, त्यामुळे पाणी होतं त्याहून थंड दिसत होतं. आणि त्याआधी जहाजांवरून जी उपकरणं टाकत, एक्सबीटी म्हणतात त्यांना, त्यांचं उलट होतं. तांब्याच्या बारीक तारेला बांधलेलं ते उपकरण किती खोल गेलं हे मोजत नसत, किती वेळ पडतंय त्यावरून ठरवत. विहिरीत दगड टाकून आकडे मोजावेत तसं. त्या पडण्याच्या वेगाचा अंदाज चुकला होता आणि पाणी होतं त्याहून गरम दिसायचं. जुनी उपकरणं गरम सांगणारी, नवी यंत्रं थंड सांगणारी. मधल्या मध्ये समुद्र कागदावर थंड झाला.

तिघांनी त्याच वर्षी जाहीर केलं, की आमचा निबंध चुकला.

काकांनी कप खाली ठेवला. "स्वतःहून?"

"स्वतःहून. छापून."

"आणि मी पन्नास वर्षं लावली."

मला त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही फक्त थर्ड ऑफिसर होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, वर कॅप्टन होता. पण ते मला त्यांनी म्हणू दिलं नाही. हातानेच थांबवलं.

आता थोडं आजच्याबद्दल, कारण काकांनी नंतर विचारलं, "मग सगळं धरून शेवटी उत्तर काय?" उत्तर असं, की आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठतेय तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात गेली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. हे आर्गो, उपग्रह आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक अशा एकमेकांवर अवलंबून नसलेल्या साधनांनी मिळून सांगितलंय. त्यातला एक आपला मुंबईचा. अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, हिंदी महासागरातल्या सर्वात जुन्यांपैकी. गेटवेला भेळ खाताना आपण त्याच्या जवळून कितीदा गेलो असू, आणि कुणी सांगितलं नाही.

हे नुसते आकडे आहेत असं आमच्या घरात तरी कुणी म्हणू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनला आत्याची सुपारीची वाडी तासाभरात आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. चक्रीवादळ पोसायला साधारण २६.५ अंशांहून गरम पाणी लागतं आणि अरबी समुद्रात ते आता जास्त काळ, जास्त जागी असतं. एकाच वादळाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे मी आत्याला सांगून बघितलं. ती म्हणाली, खापर कुणावरही फोडा, पण पुढचं येण्याआधी मला दोन दिवस अगोदर सांगा. तिला त्या वेळी आधी सूचना मिळाली होती म्हणूनच ती आणि गडीमाणसं पक्क्या घरात होती. ती सूचना देणाऱ्यांनाही समुद्र किती तापलाय हे कुणीतरी मोजून कळवलेलं असतं.

हे मी काकांना म्हटलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "हे तू लिही. त्या पोराने पुढे ढकललेल्या निरोपापेक्षा हे खरं आहे. कुणीतरी आकडे खोटे लिहिले, हेही लिही. म्हणजे बाकीच्यांनी किती खरे लिहिले असतील ते कळेल."

निघताना त्यांनी मला गच्चीवर नेलं. तिथे त्यांनी एक छोटा पाऊसमापक बसवलाय. रोज सकाळी साडेआठला जाऊन बघतात आणि शाळेच्या वहीत लिहितात. चौदा पावसाळ्यांच्या वह्या आहेत. कुणी मागितल्या नाहीत, कुठे पाठवत नाहीत. मला वाटायचं, म्हातारपणीचा विरंगुळा.

मी वही चाळली. गेल्या वर्षी जुलैत त्यांना ताप आला होता, चार दिवस अंथरुणात होते. काकू म्हणाली होती, मी बघून येते. पण गच्चीचा जिना ओला असतो, तिला त्यांनी जाऊ दिलं नाही.

त्या चार तारखांसमोर तिरक्या रेघा आहेत.